यादी आधीच लिहिलेली असते

प्रवेशाचा हंगाम आला की एक जुना वाद नव्याने रंगतो. आडबाजूच्या, छोट्या ठिकाणी वाढलेली मुलं नावाजलेल्या विद्यापीठांकडे कमी का वळतात? जवळचंच कॉलेज आणि ओळखीचेच चार विषय का धरून बसतात? एक फड म्हणतो, हुशारी आणि जिद्द असेल तर गाव कुणाला अडवत नाही. सगळी माहिती आता हातातल्या फोनवर आहे, तरी जो पोहोचत नाही त्याला पोहोचायचंच नसतं. दुसऱ्या फडाला आपण मुलांची बाजू घेतोय असं वाटतं. तो म्हणतो, बिचाऱ्यांची स्वप्नंच खुरटलेली असतात, त्यांना मोठी स्वप्नं बघायला शिकवलं पाहिजे. मग प्रेरणादायी व्याख्यानं होतात, टाळ्या पडतात, आणि पुढच्या वर्षी चित्र होतं तसंच. मला हे दोन्ही फड एकाच खड्ड्यात उभे दिसतात, कारण दोघांनीही दोष मुलाच्या मनात शोधला आहे. एकाला तिथे आळस सापडतो, दुसऱ्याला न्यूनगंड. माझं म्हणणं असं की माणूस जिथे वाढतो ती जागा त्याच्या इच्छेला फारसा हात लावत नाही. ती हात घालते यादीत. ज्या पर्यायांतून निवडायचं ते पर्याय कोणते, हे मुलाने पेन उचलण्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेलं असतं. आणि ती यादी बदलायला व्याख्यान कामाचं नाही. त्यासाठी पत्ता हवा, खाट हवी आणि पैसे हवेत.

प्राधान्यक्रमाचे अर्ज भरताना मी काही मुलांच्या शेजारी बसलो आहे. त्यातला एक प्रसंग डोक्यातून जात नाही. अर्जात वीस ओळी होत्या, मुलीने चार भरल्या. गुण उत्तम होते. चारही कॉलेजं एकाच बसच्या मार्गावरची, आणि क्रमसुद्धा थांब्यांचाच: सगळ्यात जवळचं पहिलं, सगळ्यात लांबचं चौथं. मी विचारलं, उरलेल्या ओळींचं काय? ती म्हणाली, "अजून आहेत का?" आवाजात भीड नव्हती, संकोच नव्हता, दुकानात एखादी वस्तू संपली का असं विचारावं इतका साधा प्रश्न. मी एका मोठ्या संस्थेचं नाव घेतलं. ते तिला ठाऊक होतं, पण बातम्यांतलं नाव म्हणून. अर्जात लिहायचं नाव म्हणून ते तिच्यासमोर कधी आलंच नव्हतं. वडील बाजूला उभे होते. त्यांनी एवढंच विचारलं, "जाऊन-येऊन होईल का?" आता या दोघांना महत्त्वाकांक्षेवर तासभर ऐकवून काय साधलं असतं? मुलीला हवं ते शिकायचं होतं, वडिलांना तिला शिकवायचं होतं. यादी चार ओळींची होती, इतकंच.

यावर पहिला आणि वजनदार आक्षेप समाजशास्त्राच्या जाणकारांकडून येतो. ते म्हणतात, हा जागेचा नव्हे, घराचा परिणाम आहे. आईवडिलांचं शिक्षण, उत्पन्न, घरातली पुस्तकं, घरात बोलली जाणारी भाषा या गोष्टी निवड ठरवतात, आणि गरीब, कमी शिकलेली कुटुंबं ठरावीक ठिकाणी एकवटलेली असल्यामुळे दोष त्या ठिकाणाच्या माथी येतो. या म्हणण्यात पुष्कळ तथ्य आहे आणि ते मान्य केल्याशिवाय पुढे जाणं अप्रामाणिक ठरेल. शिकलेलं घर कुठेही असलं तरी मुलाला पुढे ढकलतं. पण मग प्रश्न उरतो: घर तेच ठेवून फक्त जागा बदलली तर काय होतं? अमेरिकेत हे खरोखर करून पाहिलं गेलं. 1994 ते 1998 या काळात बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांतल्या गरीब वस्त्यांतल्या सुमारे 4,600 कुटुंबांमध्ये सोडत काढली गेली. त्यातल्या काहींना कमी गरिबीच्या वस्तीत घर भाड्याने घेण्यासाठी मदतीचं कूपन मिळालं. सोडत असल्यामुळे कूपन मिळालेल्या आणि न मिळालेल्या घरांत फरक होता तो नशिबाचाच. पुढे राज चेट्टी, नॅथनियल हेन्ड्रन आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी या मुलांचा मोठेपणीचा हिशेब मांडला. वयाच्या तेराव्या वर्षाआधी ज्यांनी वस्ती बदलली ती मुलं कॉलेजात जास्त गेली, आणि विशीच्या मध्यावर त्यांची कमाई 31 टक्क्यांनी जास्त निघाली. तेरानंतर जागा बदललेल्यांना असा फायदा दिसला नाही. उलट थोडं नुकसानच झालं. आईबाप तेच, त्यांचं शिक्षण तेच. बदलला तो शेजार, आणि त्यातही महत्त्वाचं ठरलं ते त्या शेजारात घालवलेल्या वर्षांचं मोजमाप.

ही वर्षं मुलाच्या आत नेमकं काय भरतात? मला वाटतं, ओळखीची नावं. कुठल्याही मोहल्ल्यात मूल मोठं होताना किती प्रकारची माणसं बघतं यावर त्याचा व्यवसायांचा नकाशा ठरतो. शिक्षक, पोलिस, डॉक्टर, दुकानदार ही सगळीकडे दिसतात. संख्याशास्त्रज्ञ, नगररचनाकार, साथरोगतज्ज्ञ ही मंडळी मोजक्याच वस्त्यांत राहतात. जो माणूस कधी पाहिलाच नाही त्याच्यासारखं व्हायचं, हे कुणाच्या डोक्यात कसं यावं? चिली, क्रोएशिया, स्वीडन आणि अमेरिका या चार देशांतल्या प्रवेशांच्या नोंदी तपासणारा एक अभ्यास 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याची युक्ती नामी होती. थोरल्या भावंडाला कटऑफच्या किंचित वर राहून जागा मिळाली ती घरं आणि किंचित खाली राहून हुकली ती घरं, अशी तुलना त्यात केली होती. ही घरं एकमेकांसारखीच, फरक एखाद-दुसऱ्या गुणाचा. तरी थोरल्याला जागा मिळालेल्या घरांत धाकटा त्याच संस्थेकडे वळण्याचं प्रमाण स्पष्टपणे वाढलं. चिलीतल्याच दुसऱ्या एका अभ्यासात हाच परिणाम शेजाऱ्यांमध्ये आढळला: जवळच्या घरातलं कुणी विद्यापीठात गेलं की पुढच्या वर्षी शेजारच्या घरातलं मूल जाण्याची शक्यता वाढते, आणि घरांमधलं अंतर वाढेल तसा हा परिणाम ओसरतो. शेजारच्या पोराला बघून धाकट्याची बुद्धी वाढली, असं तर कुणी म्हणणार नाही. त्याच्या यादीत एक ओळ वाढली.

आता पहिल्या फडाचं आवडतं शस्त्र: अपवाद. रामानुजन कुंभकोणमसारख्या गावातून केंब्रिजला पोहोचलेच ना? डॉ. आंबेडकर साताऱ्याच्या शाळेपासून कोलंबिया विद्यापीठापर्यंत गेलेच ना? गेले. योगायोगाने दोघांच्याही आयुष्यात 1913 हे साल निर्णायक आहे, आणि ते साल नीट बघितलं तर हे शस्त्र उलटतं. आंबेडकर त्या वर्षी न्यूयॉर्कला गेले ते बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर. प्रज्ञा त्यांची होती, पण समुद्रापलीकडची ती ओळ यादीत आली ती एका संस्थानाच्या तिजोरीतून, आणि परतल्यावर त्या संस्थानची नोकरी करण्याच्या करारासह. रामानुजन यांची गोष्ट तर जास्तच बोचरी आहे. पोरवयात त्यांच्या हाती लागलं ते परीक्षेच्या तयारीसाठी जुळवलेलं, हजारो सूत्रांची जंत्री असलेलं एक जुनं इंग्रजी पुस्तक. तेवढंच त्यांचं विद्यापीठ. गणिताखेरीज इतर विषयांत नापास झाल्यामुळे कॉलेजची शिष्यवृत्ती गेली. मद्रास बंदराच्या कचेरीत कारकुनी करताना त्यांनी जानेवारी 1913 मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना पत्र लिहिलं. त्याआधी केंब्रिजच्याच इतर गणितज्ञांकडे पाठवलेल्या कागदांचं काहीच झालं नव्हतं. म्हणजे विसाव्या शतकातली एवढी मोठी गणिती प्रतिभासुद्धा एका माणसाने एक लिफाफा गांभीर्याने उघडला म्हणून जगाला कळली. यातून गाव आडवं येत नाही असं सिद्ध होतं, की गाव एवढं आडवं येतं की ते ओलांडायला रामानुजन व्हावं लागतं? आणि जे रामानुजन नव्हते, नुसतेच चांगले हुशार होते, त्यांच्या लिफाफ्यांचं काय?

राहिला फोन. इंटरनेटने अंतर संपवलं हे विधान मी इतक्या सभांत ऐकलं आहे की वक्त्याने तोंड उघडलं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. माहितीपुरतं ते खरं आहेही. अभ्यासक्रम, शुल्क, तारखा, जुने प्रश्नसंच हे सगळं आज कुठेही मिळतं आणि वीस वर्षांपूर्वी ते मिळत नव्हतं. हा बदल छोटा नाही. पण उपलब्ध असणं आणि आपल्यासाठी असणं यात फार मोठी दरी आहे. 2012 पासून मोठ्या विद्यापीठांचे मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम आले तेव्हा आता झोपडीतलं मूलही हार्वर्डमध्ये शिकेल, असा गाजावाजा झाला. 2015 मध्ये हॅन्सन आणि राइक या संशोधकांनी हार्वर्ड आणि एमआयटीच्या अशा अभ्यासक्रमांतल्या अमेरिकी विद्यार्थ्यांचे पत्ते तपासले. एकंदरीत ही मंडळी सरासरीहून सधन आणि सुशिक्षित वस्त्यांतली निघाली. दार सगळ्यांना उघडं होतं. आत आले ते ज्यांच्या वस्तीत त्या दाराची चर्चा होती ते.

याहून बोलका प्रयोग मिशिगन विद्यापीठाचा आहे. त्या राज्यातल्या गरीब घरांतल्या गुणवंत मुलांना तिथलं शिक्षण तसंही जवळपास फुकटच पडलं असतं, कारण आर्थिक मदतीचे नियम तसेच होते आणि ते संकेतस्थळावर कुणालाही वाचता येत होते. तरी ती मुलं अर्जच करत नसत. मग विद्यापीठाने 2015 पासून त्यांतल्या काहींना घरी एक जाड, रंगीत पाकीट पाठवलं. पालकांना आणि मुख्याध्यापकांनाही कळवलं. मजकूर थोडक्यात असा: तुम्हाला प्रवेश मिळाला तर चार वर्षांचं शुल्क माफ, त्यासाठी वेगळे आर्थिक कागद भरायची गरज नाही. देऊ केलेली मदत त्यांना एरवी मिळाली असती त्याहून जास्त नव्हती. पाकीट न मिळालेल्यांपैकी 26 टक्के मुलांनी अर्ज केला, पाकीट मिळालेल्यांपैकी 68 टक्क्यांनी. प्रत्यक्ष प्रवेश घेणाऱ्यांचं प्रमाण 12 वरून 27 टक्क्यांवर गेलं. नवा पैसा नाही, नवी बुद्धी नाही, स्वप्नं बघायचं शिबिर नाही. नाव घालून आलेलं एक पत्र आणि "मिळू शकेल" ऐवजी "मिळेल" हा शब्द. मला या आकड्यांत दोन्ही फडांचा पराभव दिसतो. मुलं आळशी असती तर पाकीट केराच्या टोपलीत गेलं असतं. स्वप्नं खुरटलेली असती तर एका पत्राने ती उगवली नसती.

पण अंतर नुसतं कल्पनेत नसतं, पायाखालीही असतं, आणि ते सगळ्यांच्या पायाखाली सारखं नसतं. मुलीच्या बाबतीत एक किलोमीटर हा मुलाच्या एका किलोमीटरहून लांब असतो. गिरिजा बोरकर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांच्या कॉलेजनिवडीचा अभ्यास केला. चांगल्या दर्जाच्या कॉलेजात प्रवेश मिळत असतानाही मुली बरेचदा कमी दर्जाचं कॉलेज घेतात, कारण तिथे जायचा रस्ता अधिक सुरक्षित वाटतो. मुलगे असा सौदा फारसा करत नाहीत. तिथे यादी छाटण्याचं काम बसचा थांबा आणि अंधारी गल्ली करते. शाळेच्या पातळीवर याचं उलट टोकही दिसलं आहे. बिहार सरकारने 2006 पासून नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलसाठी पैसे दिले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश यांच्या हिशेबानुसार त्याने माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढली, आणि ही वाढ प्रामुख्याने शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत झाली. त्या गावांतल्या आईबापांना मुलींचं शिक्षण नको होतं, असं त्याआधी किती जणांनी छातीठोकपणे सांगितलं असेल?

काही ठिकाणी तर जागेचा अडसर सरळ नियमांत लिहिलेला असतो. चीनमध्ये विद्यापीठांच्या जागा प्रांतवार वाटलेल्या असतात, त्यामुळे त्याच संस्थेसाठी लागणारे गुण विद्यार्थी कुठल्या प्रांतात नोंदलेला आहे यावर बदलतात. बीजिंगच्या रहिवाशाला बीजिंगचं विद्यापीठ तुलनेने सोपं पडतं. तिथे निदान भिंत दिसते तरी. बाकीकडे ती दिसत नाही म्हणून नाहीच असं मानलं जातं.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आक्षेप मात्र वेगळाच आहे. जवळ राहणं ही उणीव आहे असं तुम्हाला कुणी सांगितलं? म्हाताऱ्या आजीजवळ राहणं, घरच्या कामाला हात लावणं, आपल्या भाषेत आणि माणसांत जगणं ही सुद्धा निवड आहे. लांबचं, मोठं, नावाजलेलं तेच चांगलं, हा महानगराचा गर्व तुम्ही विद्येच्या नावाखाली खपवताय. हा टोला बसतो. आमच्यासारखी लेख लिहिणारी माणसं बहुतेक घर सोडून आलेली असतात, आणि आपण केलं तेच शहाणपणाचं, असं समजायची खोड आम्हाला असते. मिशिगनच्या आकड्यांतला उरलेला भाग म्हणूनच वाचला पाहिजे: पाकीट मिळूनही जवळपास तीन चतुर्थांश मुलं त्या विद्यापीठात गेली नाहीत. काहींना जागा मिळाली नसेल, काहींनी दुसरं काही पसंत केलं असेल. ज्यांनी समोर ठेवलेलं ताट बघून नको म्हटलं, त्यांच्या मागे लागायचं कुणालाच कारण नाही. पण ताट समोर न ठेवताच "त्यांना भूक नव्हती" असं लिहून मोकळं होणं ही वेगळी गोष्ट. राहण्याची निवड खरी ठरते ती जाण्याची ओळही यादीत असेल तेव्हाच. त्या सोळा रिकाम्या ओळींना संस्कृतीप्रेम म्हणायला मी तयार नाही.

मग उपाय म्हणून सगळीकडे कॉलेजं काढावीत का? जवळ कॉलेज असल्याने फरक पडतो हे अमेरिकेतल्या आकडेवारीवरून अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड यांनी 1995 च्या निबंधात दाखवलं होतं: चार वर्षांचं कॉलेज जवळ असलेल्या भागात वाढलेले तरुण जास्त शिकले, आणि हा फरक गरीब, अल्पशिक्षित घरांतल्या मुलांत सगळ्यात ठळक होता. पण इथेच दुसऱ्या फडातले कार्यकर्ते घाई करतात. तीन विषयांचं, अर्ध्या रिकाम्या प्राध्यापकसंख्येचं कॉलेज कोपऱ्यावर उभं केलं की यादी लांबत नाही, ती तिथेच शिवली जाते. अमेरिकेतल्या दोन वर्षांच्या कॉलेजांवरून ही चर्चा अनेक वर्षं चालू आहे: त्यांनी शिक्षणाचं दार उघडलं, की चार वर्षांच्या पदवीकडे जाऊ शकणाऱ्यांना वाटेतच वळवलं? दोन्ही झालं. म्हणून जवळ काय आणलं, हा प्रश्न किती जवळ आणलं याच्या आधी विचारावा लागतो.

नॉर्वेने तो विचारला. आर्क्टिक वृत्ताच्याही पलीकडे असलेल्या ट्रॉम्सोमध्ये विद्यापीठ काढायचा निर्णय तिथल्या संसदेने 1968 मध्ये घेतला, आणि 1972 मध्ये ते सुरू झालं. उत्तरेकडे डॉक्टर टिकत नव्हते. दक्षिणेत शिकलेले तिकडे यायला राजी नसत. नॉर्वेने तिथे पूर्ण वैद्यकीय शिक्षण उभं केलं, उत्तरेत वाढलेल्यांसाठी काही जागा राखल्या, आणि विद्यार्थ्यांना शिकतानाच तिथल्या छोट्या रुग्णालयांत कामाला पाठवलं. उत्तरेत वाढून तिथेच डॉक्टर झालेल्यांपैकी बहुसंख्य पुढे उत्तरेतच राहिले. मुलांना शिकवलं की गाव ओस पडतं, या भीतीला इतकं रोखठोक उत्तर मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

आणि जिथे विद्यापीठ नेता येत नाही तिथे? याचं उत्तर मराठी मुलखात शंभराहून जास्त वर्षांपूर्वी दिलं गेलं आहे, आपण ते समाजसुधारणेच्या कप्प्यात ठेवून विसरलो. कोल्हापुरात राजाराम कॉलेज होतं, शाळा होत्या. शाहू महाराजांच्या लक्षात आलं की खेड्यातला मुलगा शिक्षणापासून दूर आहे तो रात्रीच्या मुक्कामामुळे. शहरात राहायचं कुठे, खायचं कुठे, कुणाच्या पंक्तीला? 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि त्या सुमारास व पुढच्या वर्षांत जैन, मुस्लिम, लिंगायत, अस्पृश्य मानल्या गेलेल्या अशा एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. जातवार वसतिगृहं का, असा प्रश्न आज खटकतो आणि खटकायला हवा. पण त्या काळी एकत्र पंगत हाच मोठा अडथळा होता. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगात राहिलेल्या भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था काढली, आणि 1924 मध्ये साताऱ्याला वसतिगृह थाटलं तेव्हा सगळ्या जातींची मुलं एका छपराखाली, एका चुलीवर आणली. या दोघांनी खेड्यातल्या मुलांना मोठी स्वप्नं बघा असं सांगत फिरण्याआधी खाट आणि भाकरी यांची सोय लावली. आजच्या वादात वसतिगृह हा शब्द किती वेळा ऐकू येतो? प्रवेशाच्या जागा वाढल्याची घोषणा होते. त्यांतल्या किती मुलांना पहिल्या रात्री झोपायला जागा आहे, हे कुणी विचारत नाही.

त्या मुलीने शेवटी पाचवी ओळ भरली. मी सांगितलेलं नाव तिने पाचव्याच क्रमांकावर लिहिलं, पहिल्या नाही. कारणही तिनेच शोधून काढलं, माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावरून: वसतिगृहातली जागा प्रवेश पक्का झाल्यानंतर तीन आठवड्यांनी जाहीर होणार होती, आणि शुल्क भरायची मुदत त्याआधीच संपत होती. वडिलांनी ते पान दोनदा वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि बसची वेळ झाली म्हणाले.